पहिल्या नंबरावर मासळी

बैल पाडायचा तर आधी त्याच्याशी गोड बोलायचं, असं नालबंद म्हणे. बोलता बोलता दोर शिंगांना अडकवायचा, छातीमागून एक वेढा घ्यायचा, कमरेपाशी दुसरा, आणि मग मागं जाऊन सगळं अंग टाकून ओढायचं. दोर आवळला की केवढाही दांडगा बैल असो, त्याचे पाय लटपटतात आणि तो धप्पकन कुशीवर येतो. तिथून पुढं गोडी बंद. मानेवर गुडघा रोवायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, खूर तासायचे आणि खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायच्या. हे काम त्यानं बापाकडून उचललं होतं. बापाचा हात जनावरांवर आणि घरच्यांवर सारखाच चालायचा, तसा याचाही चाले. जनावराला मात्र तो जरा जपून मारी, कारण जनावर दुसऱ्याचं असे.

घरात तो, बायको आणि मुलगी. बायको भट्टीवर पत्र्या घडवी. मुलगी बैलाचं डोकं धरी. लहानपणी जे दिसेल ते उचलून घरभर नेत सुटायची म्हणून तिचं नाव मुंगी पडलं, आणि बारावी झाली तरी ते सुटलं नव्हतं. डोकं धरताना ती बैलाच्या वरच्या डोळ्यावर पालथा हात ठेवी आणि पुटपुटत राही. काय पुटपुटायची देव जाणे. एकदा एका बैलाच्या खुरात खिळा वाकडा गेला, पाय सुजून कुजला आणि बैल मेला. तेव्हा ती म्हणाली होती, "मी जनावरांची डॉक्टर होणार." नालबंदाला ते आधी झोंबलं, कारण खिळा त्याच्या हातचा होता. पुढं मात्र तोच गुरांच्या बाजारात ज्याला त्याला सांगत फिरायचा, "पोरगी डॉक्टर होणार आहे. बघत राहा."

उन्हाळा सरत आला होता. दगडी वाटेवर माल ओढून बैलांचे खूर झिजलेले, अंगणात गाड्यांची ही रांग. त्यातून वाट काढत मुंगीचे मास्तर आले. प्रवेश परीक्षेत तिला चांगले गुण पडले होते, आणि आता फॉर्म भरायचा होता.

"एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव," मास्तर बैलाचं डोकं धरून बसलेल्या मुंगीला म्हणाले, "जे सगळ्यात जास्त हवं ते सगळ्यात वर लिहायचं. मिळेल की नाही, हा हिशेब करायचा नाही. वरचं नाही मिळालं तर यंत्र आपोआप खालचं बघतं. पण पहिलंच मिळालं, तर विषय संपला. मग पुढच्या फेऱ्यांत तुला उभं करत नाहीत. आणि मूळ कागद कुणाकडे ठेवायला देऊ नकोस. कुणी म्हणाला मी जागा मिळवून देतो, तर त्याला दारातूनच वाटेला लाव."

"कळलं सर."

"नालबंद, तुम्हालाही कळलं ना?"

"हो हो," बैलाच्या मानेवरून नालबंद म्हणाला. त्याच्या तोंडात खिळे होते.

दुसऱ्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून मुंगीबरोबर कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. बायको म्हणाली, तिची ती भरेल की. पण एवढा मोठा व्यवहार आणि घरचा कर्ता माणूस नको? बाजारात बैल घ्यायचा तर लोक लांबून येऊन त्याला बरोबर नेत. त्याच्या नजरेला मान होता.

दुकानात रांग होती. पोरं, आया, बाप, सगळे घामानं चिंब. दुकानदार मान वर न करता विचारत होता आणि टाइप करत होता.

"पहिलं काय टाकू?"

"जनावरांची डॉक्टरकी," मुंगी म्हणाली. "शहरातलं कॉलेज."

"थांब," नालबंद म्हणाला. "आणखी काय काय आहे?"

"याच फॉर्मवर दूध-प्रक्रिया आहे. मासळीचं शास्त्र आहे. तीन-चार आहेत अशी."

"मग मासळी टाक वर."

दुकानदाराची बोटं थांबली. मुंगीला वाटलं बाप गंमत करतोय.

"बाबा, मासळी कुणाला हवीय?"

"कुणालाच नको, म्हणूनच वर टाकायची." नालबंद तिच्याकडे वाकला, पण त्याचा हळू आवाजही अख्ख्या दुकानाला ऐकू जाणारा. "अगं, बाजारात आपण काय करतो? जो बैल हवा त्याच्याकडे बघतो का कधी? आधी नको त्यांचे दात बघायचे, नको त्यांच्या शेपट्या उचलायच्या. आणि निघता निघता हव्या त्या बैलाचं सहज विचारायचं, हा कसा दिला? तू पहिलीच डॉक्टरकी लिहिलीस की त्यांना कळलं, ही गरजू आहे. मग बसतील अडून. तळाला लिही. सहज लिहिल्यासारखी."

"तिथं अडून बसायला माणूस नाहीये बाबा. यंत्र आहे."

"आणि यंत्र कुणी केलं? माणसानंच ना?"

रांगेतलं कुणी तरी फिस्सकन हसलं. नालबंदाला वाटलं, पोरीला हसले. पण मुंगीला माहीत होतं कुणाला हसले, आणि तिला बापाचीच लाज वाटली. ती जरा मोठ्यानं म्हणाली, "बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही. मास्तरांनी सांगितलंय तसंच..."

उलट्या हाताची बसली. तिची मान फिरली, दात ओठात रुतला, आणि रक्ताचे थेंब कीबोर्डवर पडले. एका बाईनं आपल्या मुलाला जवळ ओढलं. दुकानदारानं ड्रॉवरमधून फडकं काढून कीबोर्ड पुसला, बटणांच्या फटींत नख घालून पुसला, आणि विचारलं, "मग? मासळी वर टाकू?"

"टाक," नालबंद म्हणाला.

मासळी वर गेली, दूध त्याखाली, डॉक्टरकी सगळ्यात तळाला. शेवटी फॉर्म पक्का करायला नालबंदाच्या मोबाइलवर आकडा आला. तो त्यानं एकेक अंक सुटा करून, खणखणीत आवाजात वाचला. आपल्यावाचून फॉर्म पुढं सरकला नाही, याचं त्याला फार बरं वाटलं. मुंगी ओढणीचं टोक ओठावर दाबून उभी होती.

यादी लागली त्या दिवशी अंगणात भोंग्याचा बैल पाडलेला होता. भोंगा हा गाडीवान, आवाजावरून नाव पडलेला. बैलाच्या दोन पायांना पत्र्या झाल्या होत्या, दोन राहिले होते. मुंगीनं एका हातानं बैलाचं डोकं दाबून दुसऱ्या हातानं फोन बघितला.

"लागलं का?" नालबंदानं विचारलं.

"लागलं."

"काय लागलं?"

"मासळी."

नालबंदाच्या हातातली कानस खुरावरच राहिली. तो म्हणाला, "ही पहिली फेरी आहे. दुसरीत बघू."

"दुसरी नाही मला. पहिलीच पसंती मिळाली." तिचा आवाज अगदी सपाट होता. "माझ्यापेक्षा कमी गुणांच्या मुलांना डॉक्टरकी मिळालीय. वर लिहिली असती तर मिळाली असती."

भोंगा बैलाच्या पायाशी दोर धरून बसला होता. हसू दाबताना त्याचं पोट हलायला लागलं. "म्हणजे नालबंद," तो गरजला, "आता मासळीला नाल ठोकणार म्हणा की!"

रांगेतले गाडीवान खो खो हसले. नालबंद उठला. त्यानं हातातली कानस भोंग्याच्या तोंडावर मारली. दात पडला, भोंगा उलटा शेणात गेला आणि त्याच्या हातचा दोर सुटला. तो उठायच्या आत नालबंद त्याच्या छातीवर बसून दोन्ही हातांनी ठोकत होता. चार माणसं लागली त्याला ओढायला. इकडे बैल अर्धवट सुटला होता आणि मोकळ्या पायांनी लाथा झाडत होता. बायको भट्टी सोडून धावली. तिनं आणि मुंगीनं आडवं पडून त्याचे पाय धरले. एक लाथ बायकोच्या मांडीला लागली, पण तिनं पाय सोडला नाही. पुरुषांची मारामारी संपेपर्यंत दोघी तशाच बैलाला मिठी मारून पडून होत्या.

दोन दिवसांनी नालबंद मुंगीला घेऊन शहरात प्रवेशाच्या कचेरीत गेला. पोरीनं सांगून बघितलं होतं की काही होणार नाही. तो म्हणाला, समोरासमोर बोललं की सगळं होतं. काचेच्या खिडकीमागं कारकून होता. नालबंदानं हात जोडले आणि अदबीनं सुरुवात केली.

"साहेब, डॉक्टरकीच हवी होती. मासळी आपली वरवर लिहिली होती."

"वरवर म्हणजे?"

मग नालबंदानं त्याला बाजार समजावून सांगितला. नको ते बैल, त्यांचे दात, शेपट्या, सगळं. कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं. मग शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारली, "अरे, जरा इकडे ये. काका, पुन्हा सांगा ना एकदा." नालबंदाला वाटलं हा मोठा साहेब असेल. त्यानं पुन्हा सांगितलं. दोघं एकमेकांकडे बघून हसू दाबायला लागले, तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

खिडकीखालच्या फटीतून हात घालून त्यानं कारकुनाची गचांडी धरली आणि ओढली. कारकुनाचं कपाळ काचेवर आदळलं. काच तडकली, मग फुटली, आणि नालबंदाचा हात कोपरापर्यंत चिरला. पहारेकऱ्यांनी मागून दांडकी चालवली. आधी पाठीवर, मग पोटऱ्यांवर, आणि तो गुडघ्यांवर आला तरी थांबले नाहीत. भिंतीला खेटून मुलं आणि आईबाप बघत होते. शेवटी त्याला काखांत हात घालून उचललं आणि पायऱ्यांवर टाकलं. मुंगीनं त्याची एक चप्पल आतून शोधून आणली आणि त्याच्या पायाजवळ ठेवली.

बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती.

"तोंड शिवलंय का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग बोल की काही."

"काय बोलू?"

त्या वेळी तो रडला असता तर कदाचित पुढचं टळलं असतं. पण रडायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

मास्तर घरी येऊन म्हणाले, "मासळी वाईट नाही. ज्याला आवडते त्यानं खुशाल शिकावी. पण हिला नकोय. नको ते चार वर्षं शिकण्यापेक्षा एक वर्ष थांबलेलं बरं. पुन्हा परीक्षा देईल, पुन्हा फॉर्म भरेल. एका वर्षानं कुणाचं आभाळ कोसळत नाही."

मास्तरांना बोलायला काय जातंय? नालबंदाचं आभाळ केव्हाच कोसळलं होतं. रस्त्यानं जाताना पोरं तोंडाचा चंबू करून माशासारखी उघडझाप करत. पोरगी थांबली तर वर्षभर लोक विचारणार, का थांबली? आणि उत्तर तोच होता. गेली तर निदान कॉलेजात तरी असेल. चार दिवसांनी मासळी की कोंबडी, कुणाच्या लक्षात राहणार नाही. त्यानं ठरवून टाकलं, मिळालंय ते घ्यायचं.

कॉलेजात हजर व्हायच्या दिवशी सकाळी त्यानं तिची पेटी अंगणात आणून ठेवली. भोंग्याला मारल्यानंतर गिऱ्हाईक आटलं होतं, त्यामुळं अंगण रिकामं होतं.

"चल. गाडी चुकेल."

"मी जाणार नाही," मुंगी म्हणाली. ती पत्र्या ठेवायच्या खोक्यावर पुस्तक घेऊन बसली होती.

"ऊठ म्हणतो ना."

"नाही."

त्यानं पुस्तक हिसकावून भट्टीत टाकलं. तिनं विस्तवात हात घालून ते बाहेर काढलं आणि पायानं विझवलं. त्यानं केस धरून तिला उठवलं आणि मारलं. तोंडावर, पाठीवर, जिथं बसेल तिथं. ती ओरडली नाही, पळाली नाही, आणि पेटीच्या दिशेनं एक पाऊलसुद्धा गेली नाही. बायको मध्ये पडली, तिला ढकललं तर ती ऐरणीवर आपटली.

"तुझ्यासाठी मी मार खाल्ला!" नालबंद ओरडला. "दांडक्यांनी सोलून काढलं मला तुझ्यापायी!"

"माझ्यासाठी नाही," मुंगी म्हणाली. ओठ सुजल्यानं तिला नीट बोलता येत नव्हतं. "तुमचं खरं करायला खाल्लात. आताही तेवढ्यासाठीच पाठवताय."

खुंटीवर दोर होता. तो हातात कधी आला, हे नालबंदालाही कळलं नाही. पण हातांना काम ठाऊक होतं. एक वेढा छातीवरून काखेखाली, दुसरा कमरेला, आणि मागं सरकून त्यानं अंग टाकलं. ती पडली. एखाद्या वासराएवढंही वजन नव्हतं तिचं. त्यानं तिच्या मानेवर गुडघा रोवला आणि पाय एकत्र आवळायला लागला. बैलगाडीत घालून, तशीच बांधून नेऊन पोचवणार होता तो तिला. आणि कुठून तरी त्याच्या कानावर एक आवाज येत होता, मऊ, समजावणीचा. "हो... हो... शांत, माझ्या राजा, शांत..." तो आवाज त्याचाच होता. त्याच्या गुडघ्याखाली पोरीचा चेहरा काळानिळा पडत होता.

बायकोनं पत्री ठोकायची हातोडी उचलली आणि त्याच्या उजव्या मनगटावर घातली. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. तो आडवा झाला. बायकोनं खूर तासायच्या सुरीनं दोर कापला, मुलीला बसतं केलं, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हातोडी तिच्या मांडीवरच होती.

"पुन्हा तिच्या अंगाला हात लावलात," ती म्हणाली, "तर पुढच्या वेळी मनगटावर मारणार नाही."

गावात सांगितलं, बैलानं लाथ मारली. सगळ्यांना पटलं. नालबंदाचा हात बैलानं मोडणं यात कुणाला नवल वाटणार? प्लॅस्टर निघालं तेव्हा मनगट वाकडं बसलं होतं, हातोडी धरता येईना. त्या वर्षी बैल मुंगी पाडायची आणि पत्र्या बायको ठोकायची. रांग पुन्हा लागली, भोंगाही आला. नालबंद सावलीत बसून खिळे सरळ करायचा. मधल्या वेळात मुंगी कडा जळलेलं पुस्तक घेऊन बसायची. ती त्याच्याशी कामापुरतं बोले. खिळे द्या. बाजूला व्हा. त्यानं तिच्या अंगावर पुन्हा हात टाकला नाही. सुधारला म्हणून की हात गेला म्हणून, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

उन्हाळ्यात तिनं पुन्हा परीक्षा दिली. गुण आधीपेक्षा चांगले पडले.

फॉर्म सुरू झाले तशी मास्तरांनी शाळेत पालकांची बैठक घेतली. मास्तरांचं कुणी ऐकत नाही, पण पोळलेल्या माणसाचं ऐकतात, म्हणून त्यांनी नालबंदाला बोलायला उभं केलं. वर्षानंतर त्याला कुणी मानानं बोलावलं होतं. तो धुतलेला सदरा घालून फळ्यासमोर उभा राहिला. बाकांवर आईबाप आपापल्या मुलांबरोबर दाटीवाटीनं बसलेले. भोंगाही होता, शेजारी त्याची मुलगी. बायको भिंतीकडेला होती. मुंगी मागच्या दारात, खांद्याला पिशवी लावून उभी.

"जे हवं ते पहिलं लिहा," नालबंदानं सुरुवात केली. "मी काय केलं? मी बैलाचा बाजार केला!" आणि त्यानं सगळं रंगवून सांगितलं. मासळी, दात, शेपट्या, कारकून, फुटलेली काच. "भोंग्यानं विचारलं, मासळीला नाल ठोकणार का? मी म्हटलं, थांब, आधी तुझ्या दाताला ठोकतो!" वर्ग हसून लोटपोट झाला. भोंगाही खिंडार दाखवत हसला. नालबंदाला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. "तर मंडळी, पोरांचं ऐका. मी नाही ऐकलं, आणि पोरीचं वर्ष गेलं."

"बाबा," मागून मुंगी म्हणाली, "हात कशानं मोडला ते पण सांगा."

माना मागं वळल्या, मग पुन्हा पुढं आल्या.

"बैलानं," नालबंद म्हणाला. मुंगी रागानं बघत नव्हती. ती नुसती थांबली होती. त्याचं वाकडं मनगट आपसूक छातीशी आलं. तो बायकोकडे बघायला गेला आणि तिनं नजर काढून घेतली नाही.

"बायकोनं मोडला," तो म्हणाला.

कुणीतरी हसलं.

"हसू नका." त्याचा आवाज चिरकला. "पोरगी मासळीला जात नव्हती. मी मारलं तिला. दुकानातही मारलं होतं, रक्त येईपर्यंत. त्या दिवशी दोर घातला. बैलाला घालतो तसा. पाडलं आणि मानेवर गुडघा दिला. हिनं हातोडी घातली नसती तर..." तो फळ्याला टेकला.

भोंग्याच्या मुलीनं बाकावर जरा सरकून बापापासून अंतर घेतलं, आणि भोंग्याला ते कळलं. तो आपल्या हातांकडे बघत बसला.

नालबंदानं मान वर केली तेव्हा दार रिकामं होतं. बायको उठून त्याच्याजवळ आली.

"गेली?"

"फॉर्म भरायला. दुकानात गर्दी होते."

"तिनं ऐकलं का सगळं?"

"तिला काय ऐकायचंय?" बायको म्हणाली. "तिला माहीत आहे. ऐकायला हवं होतं ते यांनी." तिनं बाकांकडे हनुवटी केली आणि त्याला बसायला जागा करून दिली.